सिकलसेलची तपासणी होते, कागदाची जबाबदारी कुणाची?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात आश्रमशाळेतल्या सिकलसेल तपासणी शिबिराची बातमी आली. सिकलसेल हा आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. बातमीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. किती मुले तपासली, मान्यवर कोण होते, आभार कोणी मानले, सगळे रीतीप्रमाणे होते. माझी तक्रार सोबतच्या फोटोबद्दल आहे. नववी-दहावीच्या मुली एका ओळीत उभ्या आहेत आणि प्रत्येकीने आपले कार्ड कॅमेऱ्यासमोर धरले आहे. फोटो रंगीत छापला आहे. आमच्या भागात पिवळे कार्ड म्हणजे वाहक (स्वतः आजारी नसतो, पण मुलांना जनुक देऊ शकतो) आणि लाल कार्ड म्हणजे रुग्ण, हे पानठेल्यावर बसणाऱ्यालाही आता ठाऊक झाले आहे. ओळीतल्या काही मुलींची कार्डे पिवळी आहेत, एकीचे लाल. चेहरे स्वच्छ दिसतात, शाळेचे नाव बातमीत आहेच. पेपर त्यांच्या गावात जात नसेल असे कुणी म्हणेल, पण मोबाइल जातो.

फोटो काढणाऱ्याला मी दोष देत नाही. "कार्ड वर करा, दिसू द्या" हे कुणीतरी साहेबांनीच म्हटले असणार. अशा फोटोंच्या वेळी मी मागच्या टेबलाशी रक्ताच्या नळ्यांवर नंबर घालत उभी असायची, म्हणून खात्रीने सांगते.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या हद्दीजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात नोकरी झाली, तिथूनच निवृत्त झाले. मलेरियाच्या काचा, क्षयाची थुंकी, गरोदर बायांचे हिमोग्लोबिन आणि सिकलसेल, यातच दिवस गेले. तपासणी नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, १७ राज्यांतल्या शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांना तपासायचे ठरले, तेव्हा आमच्यासारख्यांना बरेच वाटले. आता सहा कोटींच्या वर तपासण्या झाल्या आहेत. उन्हातान्हात टोले, म्हणजे वस्त्या, पालथे घालणाऱ्या आशाताईंनी आणि परिचारिकांनी हे काम ओढून नेले. लाल कार्डाचे पोर पहिल्या मोठ्या दुखण्याआधी सापडले तर त्याचा जीव वाचतो, हे मी पाहिले आहे. पण आकडा मोजतो तो नळ्या. नळीनंतर त्या माणसाच्या घरी काय घडते ते कुठल्याच तक्त्यात भरावे लागत नाही.

तपासणी कशी होते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. बोटाचे थेंबभर रक्त द्रावणाच्या नळीत टाकायचे, थोडे थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचे हिमोग्लोबिन, नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर आहे. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात ती हीच. मात्र गढूळ नळीवरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी शिरेतून रक्त घेऊन इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. वाहकाच्या रक्तात ए, म्हणजे साधे हिमोग्लोबिन, आणि एस असे दोन्ही पट्टे उमटतात, त्याला आम्ही एएस म्हणतो. रुग्ण तो एसएस, त्याच्यात ए नसतोच. एएस माणूस आजारी नसतो. तो नांगर धरतो, पोलीस भरतीला धावतो, नातवंडे पाहतो. उलट जीवघेण्या फॅल्सिपेरम मलेरियापासून वाहकाला या जनुकाने संरक्षणच मिळते. म्हणून तर मलेरियाच्या जंगलपट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

हे शिबिरात सांगितले जाते का? सांगितले जाते, भाषणात. माइक खरखरत असतो, पोरे उन्हात बसलेली असतात, बोलणारे प्रमाण मराठीत बोलतात आणि समोरच्या निम्म्या घरांत गोंडी नाहीतर माडिया बोलली जाते.

पहिली नळी गढूळ झाल्यापासून पक्का रिपोर्ट येईपर्यंत आठवडे जाऊ शकतात. नमुने साठवून एकदम जिल्ह्याला जातात, तिथे कधी यंत्र बंद, कधी रसायन संपलेले. तेवढ्या अवधीत गाव आपला निकाल लावून मोकळे होते. एका निवासी शाळेत दुसऱ्यांदा रक्त घ्यायचे होते. शिक्षकांनी परिपाठाच्या वेळी, सगळी शाळा समोर बसलेली असताना, नावे पुकारली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हजेरी घ्यावी तशी यादी वाचली. दुपारी जेवणाच्या पंगतीत त्या पोरांची ताटे वेगळी लागली. सिकलसेल ना उष्ट्याने होतो, ना शिवण्याने, तो आई आणि बाप दोघांकडून एकेक जनुक आले तरच होतो. स्वयंपाकघरातल्या बायांना हे कुणी सांगितले नव्हते. पुढे पक्के रिपोर्ट आले तेव्हा त्या यादीतली बहुतेक मुले नुसती वाहक निघाली. पण ते परिपाठाला कुणी वाचून दाखवले नाही.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवते. आमच्या रुग्णालयात माझ्या खोलीला लागूनच एचआयव्हीचे समुपदेशन आणि चाचणी केंद्र होते. तिथे रक्त घेण्याआधी समुपदेशक माणसाला एकटे बसवून बोलायचा, संमती घ्यायचा, रिपोर्ट त्याच माणसाच्या हातात द्यायचा आणि पुन्हा बोलायचा. रजिस्टर कपाटात, किल्ली एकाकडे. नाव बाहेर गेले तर नोकरीवर येईल, असा सगळ्यांना धाक होता. २०१७ साली तर त्याचा कायदाच झाला, संमती आणि गुप्तता आता कायद्याने बंधनकारक आहे. आणि मधल्या भिंतीच्या अलीकडे सिकलसेलचे रजिस्टर टेबलावर पसरलेले. नाव, गाव, जात, वय, निकाल. कुणीही वाकून बघावे. मलेरियाच्या रिपोर्टसाठी आलेला माणूस बोट फिरवत फिरवत शेजारच्या गावच्या सुनेचे नाव वाचून जातो. मी रजिस्टर आत ठेवायला लागले तेव्हा एक वरिष्ठ म्हणाले, "हा काही संसर्गजन्य रोग नाही, एवढे लपवायचे कशाला?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. रोग पसरत नाही म्हणून गुप्तता लागत नाही, असा सरळ हिशेब यंत्रणेने केला. त्या हिशेबात लग्न नावाची गोष्टच धरलेली नाही.

लग्नाचे बोलायला हवे, कारण आमच्याकडे सिकलसेलचा रिपोर्ट सर्वांत जास्त वापरला जातो तो तिथेच. बायोडाट्यात शिक्षण, उंची, रंग यांच्या खाली आता 'सिकलसेल निगेटिव्ह' अशी ओळ दिसू लागली आहे. चांगलेच आहे, असे कुणालाही वाटेल. पण ती ओळ मुलीच्या बायोडाट्यात जितकी सापडते तितकी मुलाच्या बायोडाट्यात सापडत नाही. संध्याकाळी दवाखाना आटोपताना एक बाप माझ्याकडे आला होता. पोरगी बारावी झालेली, कार्ड पिवळे, दोन दिवसांनी पाहुणे यायचे होते. "मॅडम, कागदावर निगेटिव लिहून द्या ना. तुमचं का जाते?" मी नाही म्हटले. मग त्याला बसवून विचारले, मुलाची तपासणी झाली आहे का? तो माझ्याकडे पाहतच राहिला. "त्याले काहून लागते? पोरगा तंदुरुस्त हाये."

इथे गणित इतके सोपे आहे की चौथीतल्या पोराला समजावे. मुलगी एएस आणि मुलगा साधा, म्हणजे एए, असेल तर त्यांच्या पोटी एसएस मूल होऊच शकत नाही. फार तर मुले वाहक निघतील, त्यांच्या आईसारखी, ठणठणीत. दोघेही एएस असतील तेव्हाच प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची असते. म्हणजे पिवळे कार्ड एकटे काहीच ठरवत नाही. समोरच्याचे कार्ड पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तरीसुद्धा मुलीचे कार्ड पाहूनच पाहुणे उठून जातात आणि मुलाचे रक्त कुणी मागतच नाही. त्या पोरीची सोयरीक मोडली. ज्या मुलाशी जुळत होती त्याचे पुढे दुसरीकडे साक्षगंध झाले. तो स्वतः काय होता ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही, त्यालाही नाही.

पुरुष या तपासणीतून सुटतात ते केवळ मानसिकतेमुळे नाही, कामाच्या रचनेमुळेही सुटतात. सरकारी आरोग्य यंत्रणेचा हात दोन जागी हमखास पोचतो, शाळेत आणि गरोदर बाईपर्यंत. शाळा सोडलेला, विशी-पंचविशीतला बाप्या कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही. धान निघाले की आमच्या भागातली माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात, कुणी हैदराबादला बांधकामावर, कुणी नागपूरला. गरोदर बाई एएस निघाली की नियमाने नवऱ्याला बोलवायचे असते. चिठ्ठी दिली जाते. नवरा येत नाही, सासू येते आणि विचारते, "हिच्या माहेरातून आलं का हे?" वर्षानुवर्षे रजिस्टरमध्ये बायांचीच नावे पॉझिटिव्ह दिसली की लोकांनी काय समजावे? आजार बायकांकडून येतो, हेच ना? यंत्रणेने तसे कधी म्हटले नाही, पण तिच्या कामाच्या पद्धतीने ते गावभर सांगितले गेले.

एक बाई आठवते. पहिले पोर एसएस निघाले म्हणून तिला माहेरी पाठवून दिले होते. पोराला एसएस व्हायचे तर बापाकडूनही एस आलाच पाहिजे, यात शंकेला जागा नाही. मी तिच्या सासऱ्याला दोन नळ्या समोर धरून समजावले. म्हातारा शहाणा होता, हळूहळू त्याच्या लक्षात आले. पण बाहेर पडताना दारातून मागे वळला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "बाई, पोराचं कोणाले सांगू नोका." सुनेचे सगळ्या टोल्याला माहीत होते, मुलाचे मात्र गुपित राहावे! सून परत आली, एवढे त्यात बरे झाले.

आणखी एक गैरसमज शिकलेल्या घरांतला आहे. सिकलसेल हा 'आदिवासींचा आजार', म्हणून तपासणी आश्रमशाळेत आणि टोल्यावर. गोंड, माडिया, परधान, कोरकू, भिल्ल, पावरा यांच्यात तो आढळतो हे खरेच. पण विदर्भात तो अनुसूचित जातींमध्ये आहे, तेली-कुणब्यांतही आहे. नागपुरात सिकलसेलचे काम उभे करणाऱ्या संपत रामटेके यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्यांनी हा आजार अपंगत्वाच्या कायद्यात यावा म्हणून हयात घालवली, ते काही जंगलातल्या टोल्यावर राहत नव्हते. तालुक्याच्या गावातली, पक्क्या घरांतली माणसे मात्र "आमच्यात नाही तो" म्हणून खासगी लॅबमध्ये गुपचूप तपासून घेतात. त्यांचे गुपित राहते, कारण ते पैसे मोजतात. ज्यांची तपासणी फुकट होते त्यांच्या कागदाला मात्र कुणीही हात लावतो. मला सर्वांत लागते ते हे.

आपल्याकडेच असे होते असे नाही. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस गावाची गोष्ट वाचली. तिथे वाहकांचे प्रमाण मोठे, लग्ने बहुतेक घरच्यांनी जुळवलेली. शास्त्रज्ञांनी गावभर सिकलसेलची तपासणी केली, समजावून सांगितले आणि काही वर्षांनी परत जाऊन पाहिले. वाहकांना गावाने डागाळलेले ठरवले होते, लोक ठरलेल्या लग्नात रिपोर्ट लपवत होते आणि वाहक-वाहक जोडप्यांची लग्ने व्हायची तशी झालीच होती. म्हणजे बदनामी वाट्याला आली, फायदा नाही. अमेरिकेत १९७०च्या सुमारास काही राज्यांनी काळ्या लोकांसाठी सिकलसेल तपासणी सक्तीची केली. वाहकांच्या नोकऱ्या गेल्या, विमा नाकारला गेला, हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१पर्यंत बंद होती. तपासणी ऐच्छिक असावी, असे तर १९७२च्या केंद्रीय कायद्यातच म्हणावे लागले होते.

सायप्रसने मात्र थॅलेसेमियाच्या बाबतीत डोके लावले. थॅलेसेमिया हाही असाच रक्ताचा आजार, आई आणि बाप दोन्हीकडून येणारा. तिथल्या चर्चने लग्नाआधी प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. त्या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसतो. दोघांची तपासणी झाली आहे आणि दोघांना सल्ला मिळाला आहे, इतकेच असते. पाद्रीबाबाला कोण वाहक ते कळत नाही, त्या दोघांना कळते. दोघांनाही तपासायचे असल्यामुळे बोट एकट्या मुलीकडे वळत नाही. दोघेही वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतातच, पुढे गरोदरपणात काय करायचे ते स्वतः ठरवतात. तिथे थॅलेसेमियाची नवी बाळे जन्मणे जवळजवळ थांबले. आपल्याकडे पाद्रीबाबाच्या जागी कोण, हा प्रश्न आहेच. सामूहिक विवाह मेळावे भरवणाऱ्या समित्या आहेत, समाजाची मंडळे आहेत, वधू-वर परिचय मेळावे आहेत. त्यांनी 'मुलीचे कार्ड आणा' ऐवजी 'दोघांनी तपासून सल्ला घेतल्याचा दाखला आणा' एवढे म्हटले तरी पुष्कळ बदल होईल. निकाल त्या दाखल्यावर छापायचा नाही, हे मात्र पाळले पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, बाई, तुम्ही लपवालपवी शिकवता. उघड बोलल्यानेच कलंक जातो. हे मला मान्य आहे, फक्त उघड कुणी करायचे ते ठरले पाहिजे. ज्याचे रक्त त्याने बोलावे. ज्या पोरांना शांतपणे, एकेकट्याला, त्यांच्या भाषेत समजावले गेले ती पोरे पुढे आपणहून बोलतात. आमच्या भागातला एक तरुण स्वतः एएस आहे, त्याने सोयरिकीच्या पहिल्याच बैठकीत आपले कार्ड काढून ठेवले आणि "आता तुमच्या पोरीचं तपासा, मंग बोलू" असे सांगितले. पोरगी एए निघाली, लग्न झाले. पण त्याचे कार्ड त्याच्या आधी फोटोतून तिथे पोचले असते तर ती बैठकच झाली नसती.

आता लाल कार्डवाल्यांबद्दल. या मोहिमेत बोलणे सगळे लग्नाचे आणि पुढच्या पिढीचे चालते. जो आज एसएस आहे तो भिंतीवरच्या पोस्टरखाली बसून ते ऐकत असतो. त्याला थंडीत, पाणी कमी प्यायल्याने, फार राबल्याने हाडांत कळा उठतात. रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यात वाकून राबणारी एसएस बाई रात्री किंचाळते तेव्हा घरचे भूत लागले म्हणतात आणि वसतिगृहातले अधीक्षक पोराला कामचुकार म्हणतात. दुखणे बाहेरून दिसत नाही, ताप नसतो, सूज नसते कित्येकदा, म्हणून दवाखान्यातसुद्धा "नाटक करते" हे शब्द मी ऐकले आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी नियमित घेतली तर कळा पुष्कळ कमी होतात. गोळी नवी नाही, महागही नाही. ती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला मिळाली पाहिजे. जिल्ह्याला जाऊन आणायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते, मग गोळ्या खंडतात.

सवलती आहेत. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आला, एसटीचा प्रवास आहे, दहावी-बारावीला तासाला वीस मिनिटे जास्त आहेत. यातही एक मेख आहे. प्रत्येक सवलत घेताना आजार चारचौघांत सांगावा लागतो. वाहक, म्हणजे गाडीचा कंडक्टर, भरल्या बसमध्ये कार्ड उलटेसुलटे करून "कसला आजार हाये हा?" असे मोठ्याने विचारतो. परीक्षेत सगळे पेपर देऊन उठले आणि ही एकटी लिहीत बसली की खिडकीतून डोकावणाऱ्या मैत्रिणींना काय ते कळते. एका मुलीने याच कारणाने जास्तीची मिनिटे घेतली नाहीत. तिच्या वडिलांनी मला विचारले, सरकारने दिलेले का नाकारते ही? तिला विचारा, म्हटले.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. एचआयव्हीच्या कागदाला जी शिस्त आहे ती सिकलसेलच्या कागदाला लावा. रक्त घेण्याआधी समजावणे आणि संमती, मूल असेल तर पालकांची. निकाल पाकिटात, ज्याचा त्याच्या हाती. परिपाठाला यादी नको, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नको, आणि सध्या सर्रास चालते तसे कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादीचा फोटो टाकणे तर अजिबात नको. पक्का रिपोर्ट हाती आल्याशिवाय कुणालाही 'पॉझिटिव्ह' म्हणून सांगू नये. आणि समुपदेशक नेमायचे तर टिकतील असे नेमा. वर्षभराच्या कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर, दोन तालुक्यांना मिळून एक माणूस ठेवला की तो आकडे भरण्यातच संपतो. गोंडी-माडिया बोलणारी, तिथलीच शिकलेली मुले-मुली या कामाला का मिळू नयेत? त्यातले काही स्वतः पिवळ्या-लाल कार्डाचे असतील, त्यांच्याइतके हे काम कुणाला जमेल?

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. शिबिराची बातमी करताना किती तपासले हा आकडा घ्याच. सोबत तीन गोष्टी विचारा. त्यांत वीस ते चाळीस वयाचे पुरुष किती होते? पक्के रिपोर्ट किती दिवसांत आले? आणि सापडलेल्या रुग्णांपैकी किती जणांना हायड्रॉक्सियुरिया मागच्या महिन्यात न खंडता मिळाली? हे छापून येऊ लागले की जिल्ह्याच्या आढावा बैठकीतही विचारले जाईल. साहेब लोक पेपर वाचतात.

शेवटी शिबिराच्या तारखांबद्दल. मार्चअखेरचे उद्दिष्ट गाठायला जानेवारी-फेब्रुवारीत घाईने शिबिरे लावली जातात. तेव्हा आमच्याकडची निम्मी गावे मिरचीवर गेलेली असतात, मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली पोरे आणि गरोदर बाया. रोवणी आटोपल्यावर पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत माणूस गावात असतो. पुरुषांची तपासणी तेव्हा ठेवा, संध्याकाळी ठेवा, आणि मोहीम त्यांच्यापासून सुरू करा.

पत्रातल्या कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून गावांची नावे दिलेली नाहीत. त्याच कारणाने माझेही नाव छापू नये.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. चंद्रपूर